अंधाऱ्या घरासाठीचं कडवं

बेल वाजली की मी आधी टीव्हीचा आवाज बंद करतो. मग फोनवर दाराचा कॅमेरा उघडून पाहतो. मग विचार करतो. दार उघडायची वेळ त्यानंतर येते, आणि बऱ्याचदा येतच नाही. मी भित्रा माणूस आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण जिच्याबद्दल लिहायला बसलोय ती बाई मला पहिल्याच महिन्यात ओळखून होती.

"इंजिनिअर," ती म्हणायची, "दार म्हणजे लाकूड. तुला त्यात वाघ दिसतो."

ती बोलायची इंग्रजीत. मी माझ्या मराठीत लिहितोय. सगळे तिला लोला म्हणायचे. लोला म्हणजे फिलिपिन्सच्या भाषेत आजी. न्यू जर्सीत पिस्कॅटवेतल्या तिच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला तेव्हा ती नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली होती, तरी घरात, अंगणात, चर्चमध्ये, सगळीकडे पांढरे नर्सचे बूटच घालायची. थंडीत कोटावर तीन मफलर. तिसरा कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "वाटेत कोणाकडे नसेल तर?" आणि खरंच, संध्याकाळी परत येताना तिच्या गळ्यात दोनच असायचे.

सप्टेंबर लागला की तिचा ख्रिसमस सुरू व्हायचा. ज्या महिन्याच्या नावाच्या शेवटी 'बर' येतो तो ख्रिसमसचा महिना, अशी त्यांच्याकडची रीत. बाहेर घाम फुटतोय, शेजारचे अमेरिकन बार्बेक्यू करतायत, आणि हिच्या खिडकीत कागदाची चांदणी लागलेली. त्या पहिल्या सप्टेंबरात एका दुपारी खालच्या गराजमधून ठाक ठाक आवाज यायला लागला. कोणीतरी कुलूप तोडतंय असं वाटून मी लाटणं घेऊन उतरलो. ती स्टुलावर बसून बाटल्यांची पत्र्याची झाकणं हातोडीने चपटी करत होती. तिने लाटण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मला मारायला आलास की मदतीला?"

"मदतीला," मी म्हणालो.

"मग हातोडी घे. त्या दांडक्याने झाकण नाही वाकणार."

चपट्या झाकणांना खिळ्याने भोकं पाडायची, तारेत ओवायची आणि तार वाकवून गोल करायची. झाला खुळखुळा. फिलिपिन्समध्ये पोरं असे खुळखुळे घेऊन ख्रिसमसच्या आधी दारोदार गाणी म्हणत फिरतात. लोक खाऊ देतात, नाणी देतात. दिलं की आभाराचं एक कडवं म्हणायचं. नाही दिलं तर कंजूषपणाबद्दल टोमणा मारणारं दुसरं कडवं, तेही हसत हसत, आणि पळ काढायचा. लोला हे सगळं न्यू जर्सीत करायची. तिच्या ओळखीतल्या नर्सांची, ड्रायव्हरांची, हॉटेलांत काम करणाऱ्यांची पोरं ती गराजमध्ये जमवायची. झाकणं गोळा करायला बारमध्ये जायची, पांढऱ्या बुटांसकट. एकदा मला गाडी काढायला लावून एडिसनला ओक ट्री रोडवरच्या आपल्या हॉटेलांतही गेली. ती काउंटरवर जाऊन, "दादा, रिकाम्या बाटल्यांची झाकणं द्या ना," असं मी शिकवलेलं मराठी एका गुजराती मालकाला ऐकवत होती, आणि मी बाहेर फुटपाथवर फोनवर बोलत असल्याचं सोंग करत होतो.

मागायची लाज. ही लाज कुठून आली ते पुढे सांगतो. सांगायला वेळ लागतोय, कारण सांगायची सवय नाही.

तिच्या तालमी पाहण्यासारख्या असत. पहिल्या आठवड्यात पोरांनी फ्रिजला गाणं म्हणायचं. "फ्रिज हसत नाही, टाळ्या वाजवत नाही. त्याच्यापुढे गायलात तर कोणाच्याही पुढे गाल." मग खरी परीक्षा. लोला आत जाऊन घराचं पुढचं दार लावून घ्यायची. पोरांनी बाहेर उभं राहून पूर्ण गाणं म्हणायचं, बेल वाजवायची. ती दार उघडायची, भुवया एकत्र, ओठ दुमडलेले, आणि खेकसायची, "नो!" धाडकन दार बंद. त्या बंद दाराला पोरांनी आभाराचं कडवं संपूर्ण म्हणून दाखवायचं. कोणी मध्ये थांबलं, रडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी तिचा तो चेहरा पाहून पोरांना इतकं हसू यायचं की गाताना श्वास पुरायचा नाही.

"हे काय शिकवता?" मी विचारलं होतं.

"नकार. शाळेत बाकी सगळं शिकवतात, हे कोणी शिकवत नाही. ज्याला नकार पचतो तो कुठेही बेल वाजवतो."

तिचे नियम होते. फार रात्र व्हायच्या आत परतायचं. दिव्याखाली उभं राहायचं, डोक्यावरचं हूड काढायचं, हात दिसतील असे ठेवायचे. आधी गाणं, मग बेल, म्हणजे आतल्याला कळतं की बाहेर पोरं आहेत. बेल वाजवून दोन पावलं मागे. आणि बेल वाजवायची ती गटातल्या सगळ्यात बुजऱ्या पोराने.

हे नियम कुठून आले ते तिने मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. अमेरिकेतल्या तिच्या पहिल्या ख्रिसमसला ती आणि बरोबरच्या नर्स गाणी म्हणायला एका दाराशी गेल्या. आधी बेल वाजवली, गाणं नंतर. दार उघडलं तर म्हातारा बंदूक धरून उभा. "हात वर," म्हणाला. पाचही नर्सांनी हात वर केले, खुळखुळे वाजले.

"मग?"

"मग काय? मी उभ्या उभ्या ओली झाले."

"घरी परत गेलात?"

"गेलो ना. कोट बदलला. मग पुढच्या दारात गेलो." तिने शेंगेची शीर ओढून काढली. "मी भीत नाही असं तुला कोणी सांगितलं? मी फार भिते, इंजिनिअर. म्हणून तर इतके नियम आहेत."

माझी मुलगी मैत्री तेव्हा सात-आठ वर्षांची होती. शाळेत तोंड उघडायची नाही. पालकसभेला गेलो की टीचर म्हणायची, "शी इज सो क्वाएट," आणि मी मान डोलवायचो, जणू तो तिचा गुण आहे. मला ठाऊक होतं तो कोणाकडून आलाय. पण एका संध्याकाळी जिन्यात उभा होतो तेव्हा गराजमधून गाण्याचा आवाज आला. पोरांच्या कोलाहलात एक आवाज सगळ्यांच्या वर चढलेला, मोकळा, खणखणीत. मी खाली वाकून पाहिलं. मैत्री होती. फ्रिजपुढे उभी राहून, एका अक्षराचा अर्थ कळत नसताना, ती पोटातून गात होती. महिन्याभरात ती वर्गात हात वर करायला लागली. टीचरने ईमेल पाठवला. मी तो सुजाताला, म्हणजे बायकोला, दाखवला. दोघंही खूष झालो. आणि डिसेंबरात जेव्हा लोलाने तिला बेल वाजवायला निवडलं, तेव्हा मी नाही म्हणालो.

"बाबा, व्हाय?"

"आपल्यात नसतं ते."

लोला वर आली, हातात भाताच्या चिकट वड्यांची बशी घेऊन. "धर्माचं काही आहे का? तुम्ही बुद्धाचे, माहितेय मला. तिला फक्त चांदणीचं गाणं देते. चांदणी सगळ्यांची असते."

मी हो म्हणालो, धर्माचंच आहे. सरळ खोटं. आमच्या बुद्धविहारातल्या कोणीही त्याला हरकत घेतली नसती.

खरं कारण माझी आजी. लग्नाच्या आधीपासून, नागपूरजवळच्या गावात, ती रोज संध्याकाळी टोपली घेऊन गावात जायची. गावाची कामं करायची आणि बदल्यात दारोदार शिळी भाकर मागायची, हीच आमच्या लोकांची ठरलेली रीत होती. दारापासून लांब उभं राहून हाक द्यायची, "भाकर वाढा वो माय." वाढणारी बाई भाकर वरून टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. कधी टोपलीत पडायची, कधी मातीत. धर्मांतर झालं त्या वर्षी आमच्या वस्तीने हे बंद केलं. त्यानंतर कितीतरी दिवस घरात चूल पेटली नाही, पण आजी गेली नाही. टोपली तिने पेटवून दिली. वडील हे सांगताना आवाज चढवायचे नाहीत. इतकंच म्हणायचे, "आपल्या घरचं पोर कोनाच्या दारात उभं नाई राहनार."

माझी ताई एकदा राहिली. भुलाबाईचे दिवस होते. आमच्या नागपुरात मुली घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात, घरातली बाई खाऊ डब्यात लपवून वाजवते, आणि ओळखला की तो वाटते. शेजारच्या पोरींबरोबर ताई गेली. वडील तिथे पोचले तेव्हा ती एका पायरीशी गात होती, खाऊसाठी हात पुढे केलेला. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. तिचा तो हात मनगटात धरला आणि तिला घरी आणलं. ताईचा आवाज गोड होता. त्यानंतर तिला गाताना मी ऐकलेलं नाही. आता ती साठीकडे झुकलीय.

लोलाला हे मी सांगितलं नाही. अमेरिकेत कोणालाच नाही. इथे मराठी माणूस भेटला की आडनाव ऐकून क्षणभर थांबतो, त्या क्षणाचीही मला भीती वाटते. त्यात आणखी कशाला घाला?

आणि तरीही मी त्या डिसेंबरात लांबून, गाडीतून, तिची पोरं पाहिली. आणि एक गोष्ट पाहिली, जी मला आजही सोडत नाही. पोरांनी नाण्यांसाठी दुधाच्या पावडरचा रिकामा डबा आणला होता. तो त्यांनी हातात धरला नव्हता. जमिनीवर ठेवला होता. दार उघडून एक उंच गोरा माणूस आला, गाणं ऐकलं, आणि नोट द्यायला पुढे झाला. एकाही पोराने हात पुढे केला नाही. माणूस जरा गोंधळला. मग वाकला, पार गुडघ्यात, आणि नोट डब्यात ठेवली.

नंतर मी लोलाला विचारलं.

"हात पुढे नाही करायचा," ती म्हणाली. "गाणं आपण आणलंय. त्याला द्यायचं असेल तर तो वाकेल."

आजी असती तर तिला ही बाई दाखवली असती. हे मनात आलं, आणि पुढच्या डिसेंबरात मी परत नाही म्हणालो. त्याच्या पुढच्याही. मैत्री तालमींना जायची, सगळी गाणी पाठ करायची, आणि फेरीच्या दिवशी खिडकीतून हात हलवायची. लोला फक्त एकदा म्हणाली, "तुझी पोर माझ्याकडची सगळ्यात चांगली बेल आहे. न वाजवलेली."

मग आम्ही जवळच टाउनहाउस घेतलं. आणि मग मागचा डिसेंबर आला.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे कशी हवा होती ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. व्हॉट्सॲपवर रोज नवं काहीतरी यायचं. इमिग्रेशनवाले अमक्या अपार्टमेंटमध्ये आले. बेल वाजली तर उघडू नका. कागद गाडीत ठेवा. माझे कागद नीट आहेत, ग्रीन कार्डची रांग फक्त संपत नाही. पण भीतीला कागद वाचता येत नाहीत. मी पासपोर्टच्या कॉप्या मैत्रीच्या दप्तरातसुद्धा घातल्या. "बाबा, धिस इज सो वियर्ड," ती म्हणाली, आणि मग माझा चेहरा पाहून तिने दप्तराची चेन लावली.

लोलाचा फोन आला. तिच्याकडची पोरं गळाली होती. कोणाच्या बापाचे कागद अर्धे, कोणाच्या आईचे नाहीतच. त्यांनी पोरांना बाहेर पाठवणं बंद केलं होतं. राहिली होती तीन लहानगी. "बेल वाजवायला कोणी नाही रे," ती म्हणाली. तिने कधी कोणाला 'रे' म्हटलं नसेल. तिच्या आवाजात मला तो ऐकू आला.

"मैत्रीला सर्दी झालीय," मी म्हणालो. मैत्री समोरच बसली होती. तिने नाक ओढून दाखवलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. नाही, आधी गाणं आलं. तिचा नियम. सुजाता अजून ऑफिसातून यायची होती. मी सवयीने टीव्ही बंद केला, आणि मग, ही सवय नव्हती, दिवाही बंद केला. फोनवर पाहिलं. दिव्याखाली तीन पोरं, हूड काढलेली, थंडीने लाल झालेली. मागे लोला, दोन मफलर. डबा पायरीशी. चांदणीचं गाणं.

माझ्या शेजारी अंधारात मैत्री गुणगुणायला लागली. आधी अगदी हळू. मग शब्द आले. मला वाटलं आवाज बाहेर जाईल, शेजारी पाहतील, आमच्या दाराशी घोळका आहे हे कोणीतरी ग्रुपवर टाकेल, कोणीतरी कोणालातरी फोन करेल. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

दाबला नाही. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण तिचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत होते, आणि मग हलायचे थांबले.

बेल वाजली. एकदाच. पोरं दोन पावलं मागे सरली. आमची गाडी दारातच होती. आत माणसं आहेत हे लोलाला कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. सगळ्यात लहान पोराने टोमण्याचं कडवं सुरू केलं, खुळखुळा वाजवत. लोलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचं बोलणं फोनमधून स्पष्ट आलं.

"अंधाऱ्या घराला टोमणा नाही. आत कोण घाबरलंय आपल्याला काय माहीत? आभाराचं म्हणा."

आणि त्यांनी आभाराचं कडवं म्हटलं. संपूर्ण. आमच्या काळ्या खिडकीला. मग डबा उचलला आणि गेली.

मैत्रीने माझा हात बाजूला केला, जिना चढून गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. आवाज न करता. त्यानंतर ती बोलायची, जेवायची, अभ्यास करायची. पण घरात गुणगुणणं बंद. आंघोळ करतानाचं, भांडी पुसतानाचं, सगळं. मी जिन्यात थांबून ऐकायचो. नागपूरच्या घरात ताई भांडी पुसायची तेव्हा जशी शांतता असायची, अगदी तशीच.

त्या शांततेची मला इमिग्रेशनपेक्षा जास्त भीती वाटली. ख्रिसमस झाला, नवं वर्ष लागलं. एका सकाळी मी मैत्रीच्या पलंगाच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगितलं. आजी, टोपली, मातीत पडलेली भाकर, ताईचं मनगट. मधेमधे इंग्रजी शब्द सापडायचे नाहीत, मग मराठीतच. ती पांघरुणातून ऐकत होती.

"सो यू थॉट आय वॉज बेगिंग?" तिने विचारलं.

"मला वाटलं लोकांना तसं वाटेल."

"पण डबा खाली असतो, बाबा."

"माहितेय."

"माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

ती पांघरूण सारून उठून बसली. मग म्हणाली, "लोलाचा ख्रिसमस अजून संपला नाहीये. थ्री किंग्जपर्यंत असतो, सहा जानेवारीपर्यंत."

पिस्कॅटवेपर्यंतच्या रस्त्यात मी दोनदा म्हणालो की आधी फोन करू. तिने दोन्हीदा खिडकीबाहेर पाहिलं. लोलाच्या खिडकीत चांदणी होती, कागद फाटलेला, आत दिवा. आम्ही पायरीशी उभे राहिलो. मैत्रीने हूड काढलं. मी टोपी काढली. तिने खुळखुळा काढला, आणि पोरांचा तो दुधाच्या पावडरचा डबा नव्हता म्हणून आपली पाण्याची स्टीलची बाटली खाली ठेवली.

"डबा कशाला? आपण तिच्याकडून काय घेणार?"

"रूल आहे."

ती गायली. पहिली ओळ घोगरी आली, दुसरी सरळ झाली, तिसऱ्या ओळीला शेजारच्या घराचा पडदा हलला. गाणं संपलं. मैत्री जागची हलली नाही.

"बेल," मी म्हणालो.

"सगळ्यात बुजऱ्याने वाजवायची असते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी हातमोजा काढला. मी बेल दाबली. दोन पावलं मागे आलो. हात बाजूला, उघडे, दिसतील असे.

आतून बूट घासत येण्याचा आवाज आला. कडी निघाली. दार उघडलं. लोला, मफलर नसलेली, अंगात जुना गाउन, आधीपेक्षा लहान झालेली. तिने मैत्रीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मी माफी मागायला तोंड उघडलं. तिच्या भुवया एकत्र आल्या, ओठ दुमडले.

"नो!"

धाडकन दार बंद झालं.

मी तसाच उभा. तोंड उघडंच. शेजारून आवाज आला, आधी मला वाटलं मैत्री रडतेय. ती हसत होती. पोट धरून, वाकून, कित्येक दिवसांनी.

"बाबा! थँक्यूचं! पूर्ण म्हणायचं, नाहीतर परत पहिल्यापासून!"

लोला उन्हाळ्याआधी दूर मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायला गेली. घर विकलं. तिथेही तिने पोरं जमवलीत असं फोनवर सांगते, त्यातली निम्मी आपली तेलुगू आणि मराठी आहेत म्हणे. पण मला ती आठवते ती त्या बंद दारामागे. मैत्रीने सुरू केलं, मी शब्द न येता मागून ओढत गेलो, बेसूर, एका बाईच्या दारात उभा राहून, आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या ओळीपासून आतून झाकणांचा खुळखुळा ताल धरायला लागला. शेवटचं अक्षर संपेपर्यंत तिने दार उघडलं नाही.